साखरेचा हिशेब ठेवणारा डॉक्टर

पॅथॉलॉजी लॅबमधून आलेला तपासणीचा कागद आता शहरातल्या बहुतेक घरांना ओळखीचा झाला आहे. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि त्याखाली ‘एचबीए१सी’ हे जरा अवघड नाव. तीन आकडे, त्यांच्या तीन वेगळ्या मर्यादा आणि त्यातला एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला. हे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, की माणूस गोंधळतो. पहिला आकडा चांगला आहे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, की तिसरा जास्त आहे म्हणून धसका घ्यावा, हे त्याला उमगत नाही. या साध्या कागदामागे अनेक दशके चाललेला एक वाद आहे. साखर सतत मोजत राहिल्याने आणि ती ताब्यात ठेवल्याने मधुमेही माणसाचे डोळे, मूत्रपिंडे आणि आयुष्य खरोखर वाचते का, हा तो वाद. त्याचे उत्तर होकारार्थीच आहे, असे मानून आणि ते सिद्ध होण्याची वाट न पाहता ज्यांनी आपली सहा दशकांहून अधिक वर्षे त्यावर लावली, त्या बोस्टनच्या डॉ. इलियट प्रॉक्टर जोस्लिन यांची ही कहाणी आहे.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑक्सफर्ड या छोट्या गावी झाला. वडिलांचा जोडे बनवण्याचा कारखाना होता. घरात सुबत्ता होती; पण त्या सुबत्तेला न्यू इंग्लंडमधील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची कडक शिस्तही होती. वेळ वाया घालवायचा नाही, पैसा उधळायचा नाही आणि हाती घेतलेल्या कामाची नोंद ठेवायची, हे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. १८९० मध्ये ते येल विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यानंतर तेथेच त्यांनी शरीरक्रियाशास्त्राशी निगडित रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि मग वैद्यकीय शिक्षणासाठी हार्वर्डची वाट धरली. १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेतच मधुमेहाच्या विकृतिशास्त्रावर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले होते.

याच काळात, १८९३ मध्ये, आयरिश वंशाची एक अशक्त तरुण मुलगी त्यांच्या पाहण्यात आली. तिला मधुमेह होता. त्या काळी तरुण वयातला मधुमेह म्हणजे मृत्यूचेच निमंत्रण. तहान शमत नसे, कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नसे, आणि वर्ष-दोन वर्षांत रुग्ण बेशुद्धावस्थेत जाऊन दगावत असे. डॉक्टरच्या हाती औषध म्हणावे असे काहीच नव्हते. तरुण जोस्लिन यांनी एक केले. त्या मुलीची माहिती त्यांनी एका वहीत व्यवस्थित लिहून काढली. ती त्यांची पहिली नोंद. पुढे त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद अशाच मोठ्या वह्यांत होत गेली आणि एखाद्या पेढीवरच्या खतावण्यांसारखी त्यांची रांग वाढत राहिली. रुग्ण केव्हा आला, आजार केव्हा कळला, तो किती वर्षे जगला आणि अखेर कशाने गेला, हे सारे त्यांत असे. एकाच आजाराच्या इतक्या रुग्णांचा जन्मभर पाठपुरावा करणारी अशी नोंदवही त्यापूर्वी कोणी ठेवली नव्हती.

जर्मन भाषक प्रदेशांत तेव्हा मधुमेहाचा अभ्यास सर्वांत पुढे होता. तेथील शिक्षण घेऊन परतल्यावर १८९८ मध्ये जोस्लिन यांनी बोस्टनमध्ये वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. लवकरच हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरातही शिरला. त्यांच्या आईला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. आईच्या ताटात काय वाढायचे आणि काय नाही, हे मुलगाच ठरवू लागला. आई ते पाळत गेली आणि निदानानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगली. त्या दिवसांच्या मानाने हे मोठेच यश होते. आहारावर ताबा ठेवला तर आयुष्य वाढते, ही जोस्लिन यांची श्रद्धा पुस्तकांतून आली तशीच ती घरच्या स्वयंपाकघरातूनही आली होती.

मात्र ताबा ठेवायचा, तर तो राहिला आहे की नाही हे कळायला हवे. येथे तपासणीचा प्रश्न येतो. मधुमेहाची सर्वांत जुनी तपासणी आपल्याकडच्या शब्दातच दडलेली आहे. मूत्र मधासारखे गोड होते आणि त्याला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहून ठेवले होते. युरोपातही मूत्राची चव घेऊन निदान करणारे वैद्य होऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तांब्याच्या क्षारांचे निळे द्रावण वापरून मूत्रातील साखर ओळखता येऊ लागली. त्या पद्धतीत न्यूयॉर्कचे रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८-०९ च्या सुमारास सुधारणा केली. परीक्षानळीत निळे द्रावण घ्यायचे, त्यात मूत्राचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि ते उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत गेला, तर साखर वाढत्या प्रमाणात आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग ज्यांनी केला असेल, त्यांना तो विटकरी गाळ अजून आठवत असेल.

जोस्लिन यांनी ही परीक्षानळी रुग्णाच्याच हाती दिली. त्या काळाचा विचार करता ही गोष्ट धाडसाची होती. तपासणी डॉक्टरने करायची आणि रुग्णाने निकाल मुकाट्याने ऐकायचा, अशी तेव्हाची रीत. जोस्लिन यांचे म्हणणे असे, की मधुमेही माणूस दिवसातून तीनदा जेवतो आणि डॉक्टरला महिन्यातून एकदा भेटतो; तेव्हा आजाराचा कारभार त्यालाच शिकवला पाहिजे. त्यांनी परिचारिकांना खास शिक्षण दिले आणि त्यांना रुग्णांच्या घरी धाडले. धान्य, भाज्या, मांस तराजूत तोलून कसे शिजवायचे, मूत्र कसे तपासायचे आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे या परिचारिका घरोघरी जाऊन शिकवत. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही वापरता येईल असे मधुमेहाचे छोटे मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याआधी १९१६ मध्ये त्यांचा डॉक्टरांसाठीचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि त्याचा आधार होता त्यांच्याच वह्यांतील एक हजार रुग्णांचा अनुभव.

तथापि, मूत्राच्या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे. रक्तातील साखर साधारणपणे एका डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मगच मूत्रपिंडे ती बाहेर टाकू लागतात. धरण भरले की सांडव्यावरून पाणी पडते, तसेच हे. सांडवा वाहतो आहे म्हणजे धरण काठोकाठ भरले, एवढे कळते. तो कोरडा असेल तर धरण निम्मे आहे की पाऊण भरले आहे, हे मात्र कळत नाही. वयोमानानुसार काहींच्या सांडव्याची उंची वाढते, तर गरोदरपणात ती कमी होते. शिवाय मूत्र मूत्राशयात काही तास साठलेले असते; त्यामुळे ते आताची नव्हे, तर मागच्या काही तासांची खबर देते. म्हणजे थेट रक्तच मोजायला हवे होते. पण जुन्या पद्धतींना इतके रक्त लागे, की रोजच्या व्यवहारात ते अशक्यच होते.

ही अडचण बोस्टनमध्येच बऱ्याच अंशी सुटली. हार्वर्डचे ऑटो फोलिन आणि त्यांचे चिनी विद्यार्थी सिएन वू यांनी १९१९ मध्ये थोड्याशा रक्तातून साखरेसह अनेक घटक मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्तशर्करा मोजणे आता नित्याचे होऊ शकत होते. जोस्लिन यांनी या मोजमापाला आपल्या कामात स्थान दिले. तरीही घरी बसून रोज करता येईल अशी तपासणी त्यांच्या हयातीत मूत्राचीच राहिली.

तपासण्या सुधारत होत्या, उपाय मात्र क्रूर होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी १९१४-१५ च्या सुमारास मांडलेली उपासमारीची चिकित्सा जोस्लिन यांनी स्वीकारली. मूत्रातील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि मग थोडे थोडे अन्न वाढवत, साखर पुन्हा दिसू लागेल त्या मर्यादेच्या आत त्याला ठेवायचे. वयस्कर, स्थूल रुग्णांना याचा खरोखर लाभ होई. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मधुमेहाने होणारा मृत्यू उपासाने काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे पुढे ढकलला जाई, इतकेच. हाडांचा सापळा झालेली ती मुले निमूटपणे सारे नियम पाळत आणि तरीही जात. जोस्लिन यांच्या वह्यांत त्या मुलांच्याही नोंदी आहेत. नियम पाळणारा वाचतो, असे मानणाऱ्या या डॉक्टरला त्या पानांनी किती छळले असेल, याची कल्पना करता येते.

वह्यांतून त्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती. १९२१ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर एक लेख लिहिला. त्यात न्यू इंग्लंडमधील एका शांत गावाच्या मोठ्या रस्त्यावर शेजारी शेजारी असलेल्या तीन घरांची हकीकत आहे. त्या घरांत ओळीने चार बायका आणि तीन पुरुष राहून गेले आणि या सात जणांपैकी एक वगळता सारे मधुमेहाने मरण पावले. हीच माणसे विषमज्वराने गेली असती, तर आरोग्य खात्याने गावात धाव घेतली असती, विहिरी तपासल्या असत्या. मधुमेहाच्या वेळी मात्र कोणाला काही वाटले नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आपण ज्याला एकट्यादुकट्याचे दुर्दैव समजतो, ती एक साथ आहे आणि वाढत्या वजनाशी तिचे नाते आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले. भारतातील आजची शहरे पाहिली, की त्या तीन घरांची आठवण होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९२१ रोजी, येल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची बैठक भरली. टोरोंटोचा एक अननुभवी शल्यचिकित्सक स्वादुपिंडाच्या अर्काने कुत्र्यांची रक्तशर्करा उतरल्याचे चाचरत सांगत होता. त्याचे नाव फ्रेडरिक बँटिंग. त्याचे भाषण फारसे रंगले नाही. पण श्रोत्यांत जोस्लिन आणि अ‍ॅलन हे दोघेही होते, आणि आपल्या रुग्णांसाठी या बातमीचा अर्थ काय होतो हे त्यांना इतरांहून अधिक ठाऊक होते. पुढच्याच महिन्यात टोरोंटोत एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जोस्लिन यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला इन्शुलिन दिले. ती स्वतः परिचारिका होती. पाच वर्षांच्या आजारात तिचे वजन सत्तर पौंडांच्या, म्हणजे बत्तीस किलोंच्या आसपास आले होते आणि घराबाहेर पडणेही तिला जवळजवळ अशक्य झाले होते. काही आठवड्यांत ती चालू-फिरू लागली आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जगली.

इन्शुलिन आले, आता तराजू आणि परीक्षानळी अडगळीत टाकता येईल, असे अनेकांना वाटले. जोस्लिन यांचे मत नेमके उलट होते. इन्शुलिन साखर उतरवते. ती जास्त उतरली तर घाम, थरथर, भोवळ आणि प्रसंगी बेशुद्धी येते. तेव्हा औषध हाती आल्याने मोजण्याची गरज वाढली होती. त्यांच्या रुग्णांना दिवसातून चार वेळा, तिन्ही जेवणांपूर्वी आणि झोपताना, मूत्र तपासायला सांगितले जाई. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे एका रथाचे तीन घोडे असून लगाम रुग्णाच्या हाती आहे, ही त्यांची आवडती उपमा होती. १९२४ मध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट त्यांच्यासोबत काम करू लागल्या. मधुमेही मुले आणि मधुमेही गरोदर स्त्रिया यांच्यासाठी या बाईंनी उभे केलेले काम जगभर नावाजले गेले. ज्या मुलींचे आयुष्य पूर्वी महिन्यांत मोजले जाई, त्या आता आई होऊ लागल्या होत्या.

पण मधुमेहाने आपले दुसरे रूप दाखवायला सुरुवात केली. पूर्वी रुग्ण लवकर मरत, म्हणून जे दिसत नसे ते आता पंधरा-वीस वर्षांनी दिसू लागले. इन्शुलिनवर वाढलेल्या तरुणांची दृष्टी जाऊ लागली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, पायांची संवेदना हरपून जखमा चिघळू लागल्या. कशामुळे? येथे वैद्यकात दोन तट पडले. जोस्लिन यांच्या मते वर्षानुवर्षे रक्तात वाढलेली साखर हेच याचे कारण होते. न्यूयॉर्कचे डॉ. एडवर्ड टॉल्स्टॉय आणि त्यांच्या विचाराचे डॉक्टर म्हणत, की रुग्णाला बरे वाटते आहे, वजन टिकून आहे, तर मूत्रात साखर असली म्हणून बिघडत नाही. अन्न तोलण्याच्या आणि नळ्या उकळण्याच्या जाचात त्याला अडकवू नये. हे मत केवळ आळशीपणाचे नव्हते. गुंतागुंती मधुमेहाबरोबर आनुवंशिकतेने येतात, साखरेशी त्यांचा संबंध नाही, असे मानणारे अभ्यासू डॉक्टरही होते. आणि शिस्तीने वागूनही आंधळे झालेले रुग्ण दोन्हीकडे होते.

जोस्लिन यांच्याकडे वह्या होत्या, पण निर्णायक पुरावा नव्हता. चार वेळची मूत्रतपासणी आणि अधूनमधून केलेली रक्ततपासणी म्हणजे एखाद्या लांबच लांब चित्रपटातून काढलेली चार-दोन छायाचित्रे. मधल्या काळात साखर कुठे होती, हे कोणालाच माहीत नव्हते. रुग्ण तपासणीच्या आदल्या दोन दिवशी संयम पाळून डॉक्टरांना खूश करू शकत असे. त्यामुळे ज्याचा ताबा चांगला मानला, तो खरोखर चांगला होता का, हे ठरवायला साधनच नव्हते. आपल्या पक्षाची ही दुबळी बाजू जोस्लिन यांनी जवळजवळ धार्मिक निष्ठेने भरून काढली. त्याचे दोन परिणाम झाले. हजारो रुग्णांना त्यातून जगण्याचे बळ मिळाले. अनेक वर्षे आजाराशी यशस्वी झुंज देणाऱ्यांना ते पदके देत आणि ती पदके रुग्ण अभिमानाने मिरवत. दुसरीकडे, ज्यांना गुंतागुंत झाली त्यांच्या वाट्याला आजारासोबत अपराधीपणाही आला. साखर वाढली म्हणजे माणूस चुकला, हा सूर त्यांच्या शिकवणुकीत होता. आजही तपासणीचा कागद पाहून घरातली वडीलधारी माणसे जेव्हा रुग्णाला फैलावर घेतात, तेव्हा तोच सूर लागलेला असतो.

दरम्यान त्यांच्या जन्मगावाने या कहाणीत पुन्हा प्रवेश केला. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६-४७ मध्ये, अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ऑक्सफर्ड गावातील लोकांच्या रक्ताची आणि मूत्राची सरसकट तपासणी केली. साडेतीन हजारांहून अधिक लोक तपासले गेले. त्यांत सत्तर मधुमेही आढळले. त्यांपैकी चाळीस जणांना आपला आजार ठाऊक होता आणि तीस जणांना त्याची गंधवार्ताही नव्हती. ज्ञात रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीने अज्ञात रुग्ण समाजात वावरत असतात, हे या लहानशा गावाने जगाला दाखवून दिले. लक्षणे नसतानाही ठरावीक वयानंतर तपासणी करून घ्यावी, या आजच्या सल्ल्याचे मूळ अशा पाहण्यांत आहे.

जोस्लिन अखेरपर्यंत काम करत राहिले. त्यांच्या नावाची संस्था १९५६ मध्ये बोस्टनमधील नव्या इमारतीत गेली, तेव्हा त्यांनी सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तो वाद मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही अनिर्णितच होता.

त्यांच्या पश्चात सहाच वर्षांनी, १९६८ मध्ये, तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर या शास्त्रज्ञाला मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा अंश जास्त प्रमाणात आढळला. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि ती पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटून राहते. साखर जितकी अधिक, तितका हा चिकटलेला अंश अधिक. हेच एचबीए१सी. सत्तरच्या दशकात त्याचा रक्तशर्करेच्या ताब्याशी असलेला संबंध स्पष्ट झाला आणि जोस्लिन यांना जन्मभर न मिळालेली गोष्ट वैद्यकाच्या हाती आली. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी आदल्या दोन दिवसांच्या उपासाने फसत नव्हती.

या मोजमापाच्या आधारे अमेरिका आणि कॅनडातील २९ केंद्रांत १,४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. बोस्टनची जोस्लिन संस्था त्या केंद्रांपैकी एक होती. सारे रुग्ण इन्शुलिनवाचून जगू न शकणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे होते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले गेले, त्यांचा एचबीए१सी ९ टक्क्यांच्या आसपास राहिला. दुसऱ्या गटाने रोज अनेकदा साखर मोजून तो ७ टक्क्यांच्या आसपास आणला. १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्या रुग्णांत साखर ताब्यात ठेवल्याने दृष्टिपटलाचा आजार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांचीही हानी बरीच टळली होती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबत ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये त्याच दिशेचा निर्वाळा दिला. जोस्लिन यांच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी त्यांचे म्हणणे मूलतः खरे ठरले. मात्र विरोधकांची शंकाही अगदीच निराधार नव्हती. काटेकोर ताबा ठेवणाऱ्या गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने अधिक होते. म्हणूनच आज वृद्ध किंवा इतर गंभीर आजार असलेल्या रुग्णांसाठी मर्यादा थोडी सैल ठेवली जाते.

आता आपल्या हातातील कागदाकडे पुन्हा पाहू. उपाशीपोटीची साखर, म्हणजे किमान आठ तास काही न खाता घेतलेली, रात्रभर यकृत किती साखर सोडत होते आणि शरीराचे इन्शुलिन तिला आवर घालू शकले की नाही, हे सांगते. ती १०० च्या खाली असावी. १२६ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेहाचा संशय पक्का होत जातो. जेवणानंतर दोन तासांची साखर शरीराने आलेले अन्न कसे पचवले, हे दाखवते. अनेकांमध्ये आधी हीच बिघडते आणि उपाशीपोटीची साखर बराच काळ चांगली दिसत राहते. निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात; १४० च्या खाली असणे उत्तम, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ टक्क्यांच्या खाली असणे चांगले, ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मधले आकडे धोक्याच्या उंबरठ्यावरचे. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर विसंबून निदान करत नाहीत. पुन्हा तपासून किंवा दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात.

तीन आकडे जुळत नसतील, तर दर वेळी लॅबच चुकली असे समजण्याचे कारण नाही. उपाशीपोटीची साखर चांगली आणि एचबीए१सी जास्त असेल, तर दिवसभरात जेवणानंतर साखर चढत असण्याची शक्यता आहे. उलट एचबीए१सीलाही कधी कधी फसगत होते, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतेच रक्त दिले गेले असेल, थॅलेसेमिया किंवा विदर्भातील आणि आदिवासी पट्ट्यातील अनेक कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा दोष असेल, तरीही तो दिशाभूल करू शकतो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये पंडुरोगाचे प्रमाण पाहता, डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा आकडाही सोबत दाखवलेला बरा.

जोस्लिन यांच्या सगळ्याच गोष्टी आज घेण्याजोग्या नाहीत. त्यांची उपासमार इतिहासजमा झाली आणि रुग्णाला दोषी ठरवणारा सूरही मागे पडायला हवा. घ्यावी ती त्यांची वही. एकाच तपासणीचा कागद फारसे काही सांगत नाही. पाच वर्षांचे कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावले, तर साखर कोणत्या दिशेने निघाली आहे हे घरातल्या कोणालाही दिसते. आपल्यातील अनेक जण जुने रिपोर्ट रद्दीत घालतात आणि दर वेळी नव्याने घाबरतात. पुढचा कागद घरी येईल, तेव्हा आधीचे शोधून त्याच्यासोबत ठेवावेत आणि ती सारी फाइल घेऊनच डॉक्टरांकडे जावे.